जी एसटी कुठवर आली?

फेब्रुवारी लागला की आमच्या गोरेगावात नारळ महाग होतो. सण नसतो, लगीनसराई अजून लांब असते. असते ती फक्त दहावीची परीक्षा. शाळेशेजारच्या मारुतीला वर्षभर कुणी फारसं विचारत नाही, पण हॉल तिकीट हातात पडलं की त्याच्यापुढं पोरांची रांग लागते आणि पंचवीसचा नारळ तिसावर जातो. जुलैत तीस रुपयांना मिळणारं लिहायचं पॅडसुद्धा या दिवसांत चाळीसचं होतं. परवा दुकानदाराला मी हटकलं, तर तो शांतपणे म्हणाला की सर, सीझन हाये. हा दुकानदार माझाच विद्यार्थी. त्याला नफा-तोटा मीच शिकवला, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार?

मला मात्र हा मोसम मनापासून आवडतो. सकाळी स्वेटर घालून शाळेत यावं आणि अकराला तो खुर्चीच्या पाठीवर टाकून विसरून जावा, असं हे हवामान. पोरांचे खिसे हरभऱ्याच्या घाट्यांनी फुगलेले असतात. मी फळ्याकडं वळलो की मागं टचटच सोलण्याचा आवाज येतो, आणि तास संपल्यावर बाकांखाली हिरव्या टरफलांचा सडा पडलेला असतो. कुठंतरी शिवारात हळद शिजत असते. तिचा तो ओला, मातकट, गोडसर वास खिडकीतून आत येतो आणि वर्गसमीकरणांत मिसळतो. आजही हा वास आला की मला भूक लागते, आणि पाठोपाठ जीएसटीचा धडा आठवतो. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे बायकोला मी आजवर समजावून सांगू शकलेलो नाही.

खरं तर हा धडा शिकवायला माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. मी वाढलो किंमत नसलेल्या घरात. वडील हिंगोलीत एका देवळाचे पुजारी, शिवाय भिक्षुकी करायचे. सत्यनारायणाचे किती घेता, असं कुणी विचारलं की ते मान खाली घालून म्हणायचे, यथाशक्ती. मग यजमानाची शक्ती नेमकी अकरा रुपयांवर येऊन थांबायची आणि आई घरी दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. छापील किंमत, सूट, कर यांपैकी कशाचीच आमच्या घराला ओळख नव्हती. त्यांचा मुलगा पुढं गणिताचा मास्तर झाला आणि अठरा टक्के, बारा टक्के करत फळ्यावर खडू झिजवू लागला.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका फेब्रुवारीची. दहावीचा वर्ग म्हणजे शाळेच्या ओळीतली शेवटची पत्र्याची खोली. बारा वाजले की पत्रा तापायचा आणि खालची पोरं शेकून निघायची. छताला एक पंखा होता, पण तो फिरायचा नाही, नुसता कण्हायचा. निरोप समारंभाला दहावीची मुलं शाळेला काहीतरी भेट देतात आणि ते काहीतरी म्हणजे बहुधा भिंतीवरचं घड्याळ असतं. आमच्या शाळेत अशी पाच घड्याळं होती आणि ती पाच वेगवेगळ्या वेळा दाखवायची. त्या वर्षी वर्गप्रतिनिधी होती शीतल राठोड, साखऱ्याच्या पलीकडच्या तांड्यावरची मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की पुढच्याला गप्प बसावं लागायचं. सहावं घड्याळ घ्यायचं ठरत असताना ती उठून म्हणाली, घड्याळात पाहून उकाडा कमी व्हत न्हाई, सर.

पंखा ठरला. सत्तावीस पोरं, प्रत्येकी शंभर रुपये. मी हिंगोलीच्या एका दुकानात फोन लावला आणि दुकानदारानं पंचवीसशेला पडेल असं सांगितलं. सत्तावीसशेतून पंचवीसशे गेले की उरले दोनशे. मी भर वर्गात जाहीर केलं की निरोप समारंभाच्या दिवशी डोक्यावर पंखा फिरत असेल, वर पेढे मिळतील, आणि शंभराच्या वर कुणाकडं एक रुपया मागितला जाणार नाही. टाळ्या पडल्या. मास्तराला टाळ्या क्वचितच मिळतात, त्यामुळं त्या मी जरा जास्तच मनावर घेतल्या. पोरांनी पैसे कसे आणले होते ते मी पाहिलं होतं. एकानं पाच-पाचची वीस नाणी आणली, तेलाच्या डब्यात साठवलेली, आणि पुढं दोन दिवस माझे हात तेलकट राहिले. शीतलनं चार रविवार कापूस वेचून, घरी देऊन उरलेले शंभर आणले होते. आता दिलेला शब्द मोडला असता तर त्या वर्गाकडं मी कुठल्या तोंडानं पाहिलं असतं?

पंखा आणायला मी आणि शीतल जायचं ठरलं. मुलगी बाहेरगावी जायची म्हणून घरचं कुणीतरी मोठं बरोबर असावं, असा हेडमास्तरांचा नियम. तिचा आजा आला. हरसिंग आजा जीपच्या थांब्यावर सकाळी सातपासून उभा होता. पांढरंशुभ्र धोतर, लालभडक फेटा, सदऱ्याला चांदीची बटणं. एका पंख्यासाठी एवढा थाट पाहून मला भरून आलं. तांड्यावर शिक्षणाची केवढी कदर आहे, असं मी मनात म्हणालोही.

जीप सुटल्यावर आज्यानं माझ्याकडं वळून नम्रपणे विचारलं, "सर, जी एसटी म्हंजे कोणती एसटी? गोरेगावावरून येणारी का सेनगावावरून?"

मला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू उलगडा झाला. नात महिनाभर घरात जीएसटी, जीएसटी असं घोकत होती. पुढं तिनं सांगितलं की सरांसंगं हिंगोलीला जायचं आहे. म्हातारा हे सगळं ऐकत होता. तांड्याला एसटी येत नाही. ती फाट्यापर्यंत येते आणि तिथून तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. शीतल ती रोज तुडवायची. आज्यानं हिशेब जुळवला, की कुणीतरी मास्तर निघाला, जी एसटी हवी ती मागायला निघाला. म्हणून तो चांदीची बटणं लावून आला होता.

हिंगोली येईपर्यंत मी त्याला वस्तू आणि सेवा कर समजावून सांगितला. जीपमध्ये चौदा माणसं होती आणि चौदाही ऐकत होती. कारखान्यातून माल निघतो, घाऊकवाला घेतो, किरकोळवाला घेतो, प्रत्येक जण आपला नफा वर ठेवतो आणि जेवढी भर घातली तेवढ्यावर कर भरतो. मात्र तो कर प्रत्येक जण पुढच्याकडून वसूल करत जातो आणि सगळ्यांत शेवटी जो वस्तू वापरतो, तो सगळाच्या सगळा भरतो. त्याच्या पुढं ढकलायला कुणी नसतं, म्हणून त्याला अंतिम ग्राहक म्हणतात. आजा मन लावून ऐकत होता. "शेवटचा म्हंजे आमचा तांडाच," तो म्हणाला. "बराबर कळलं. पर एसटी येती का न्हाई?" आधी पंख्याचं बघू, मग एसटीचं, असं मी म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं.

दुकानात शंभर पंखे टांगलेले होते आणि फिरत एकही नव्हता. दुकानदारानं आमच्यासाठी खोकं काढलं, पुसलं आणि पंचवीसशे बिगर बिलाचे, असं सांगितलं. पक्कं बिल हवं असेल तर एकोणतीसशे पन्नास.

 खिशात पोरांचे सत्तावीसशे, डोक्यात वर्गातल्या टाळ्या. अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करतो, गयावया किंवा भांडण. मी मास्तर असल्यामुळं भांडण निवडलं. दुकानदाराच्याच वहीचा एक कागद फाडून घेतला आणि त्यावर आकडेमोड केली. एकोणतीसशे पन्नासचे अठरा टक्के, म्हणजे पाचशे एकतीस. ते वजा केले की उरतात दोन हजार चारशे एकोणीस. मग पंचवीसशे कसले लावता? मधले एक्क्याऐंशी रुपये कुणाच्या घशात गेले? माझा आवाज चढला. बल्ब घ्यायला आलेली दोन-चार माणसं थबकली. ग्राहक अडाणी राहिला म्हणून तुमचं फावतं, असंही मी बोललो. दुकानदारानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, पकडला गेला.

तेवढ्यात शीतलनं माझ्या शर्टाची बाही हळूच ओढली.

"सर, अठरा टक्के पंचवीसशेवर लागतात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "एकोणतीसशे पन्नासवर न्हाई. तुमीच सांगितलं व्हतं."

मीच सांगितलं होतं. दरवर्षी सांगतो. कर काढायचा तो करपात्र किमतीवर, कर धरून आलेल्या एकूण रकमेवर नाही. पोरं हमखास इथंच घसरतात, म्हणून या ओळीखाली मी फळ्यावर दोनदा रेघ ओढतो. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, पाचशे एकतीसवर काट मारली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, चारशे पन्नास. पंचवीसशे अधिक चारशे पन्नास, एकोणतीसशे पन्नास. दुकानदाराचा हिशेब पैशापैशाला बरोबर होता. बल्बवाले आता माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

दुकानदार भला माणूस. त्यानं माझी फजिती वाढवली नाही, उलट चहा मागवला. पोरगी हुशार हाये गुरुजी, असं म्हणून त्यानं मला वाटही काढून दिली. कच्चं घ्या, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतो, पंचवीसशेत काम होतं, दोनशेचे पेढे न्या. सगळे असंच नेतात. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तो देवमाणूस वाटला. शब्द पाळला जाणार होता, पेढे येणार होते, आणि सरकारला माझे साडेचारशे मिळाले नाहीत म्हणून कोणता पूल कोसळणार होता? तोंडातून हो निघणारच होतं, पण शीतल बघत होती. म्हणून मी भेकडासारखा निर्णय तिच्यावर ढकलला. काय करायचं गं, असं विचारलं.

तिनं जरा विचार केला. मग अगदी सरळपणे, कुठलाही टोमणा न मारता म्हणाली, "कच्चं घेतलं तर पेपरात काय लिवायचं, सर?"

मी पक्कं बिल घेतलं. अडीचशे कमी पडत होते, ते माझ्या खिशातून घातले. शंभराच्या वर मागणार नाही असा शब्द पोरांना दिला होता, माझ्या खिशाला नव्हता. बिल छापून आलं आणि ते मी आज्याला दाखवलं. त्याला सगळ्यांत आधी करच बघायचा होता. इथं दोन येळा काहून लिवलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं, सव्वादोनशे केंद्राचे आणि सव्वादोनशे राज्याचे. एक दिल्लीला जातो, एक मुंबईला. आजा बराच वेळ त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला.

"राज्याची म्हंजे लाल," तो समाधानानं म्हणाला. "तीच आमची."

मग त्यानं झेरॉक्स मागितली. शेजारच्या दुकानात झेरॉक्सचे दोन रुपये पडले आणि त्यांची पावती मात्र मिळाली नाही.

परतीच्या जीपवाल्यानं खोक्याचं वेगळं तिकीट लावलं, तीस रुपये. खोकं काय बोलतं, की खातं, असा वाद मी घालू लागलो. एक तर माझ्या खिशात आता पन्नासच उरले होते आणि फोन होता बटणांचा, त्यातून पैसे पाठवायची सोय नव्हती. आज्यानं मला हातानं थांबवलं आणि आमचं तिघांचं भाडं खोक्यासकट देऊन टाकलं. वर खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं, पैसे दिलेत म्हणजे त्याला बसायला नीट जागा पाहिजे म्हणून.

वाटेत तो आपण होऊन बोलायला लागला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून आणायचे. मीठ जिथं निघतं तिथं ते मातीमोल. पुढं नाक्यानाक्यावर जकात, बैलांची वैरण, एखादा बैल वाटेतच बसायचा, एखादा माणूसही. इथं येईस्तोवर मिठाचा भाव चौपट. गावोगाव लोक म्हणायचे, लमाण लुटून राहिले. मी म्हणालो, मग सांगायचं ना त्यांना, की नाक्यावर किती द्यावे लागतात. आजा खोक्यावर हात फिरवत म्हणाला, "नाका लोकाइला दिसत न्हवता, सर. आमी दिसत व्हतो."

मला तो दुकानदार आठवला, आणि त्याचा चहा, आणि भर दुकानात मी त्याच्यावर फेकलेले एक्क्याऐंशी रुपये.  वाटेत पळस फुलले होते. एरवी मी ते पोरांना दाखवतो, त्या दिवशी नाही दाखवले.

गोरेगावात पोचल्यावरही पंखा माझ्या खिशातून वाढतच राहिला. हूक आणि नळी साठ, वायरमनचे दीडशे, त्याचा चहा-फराळ वीस, उद्घाटनाचा नारळ तीस, कारण सीझन. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी शीतलनं खोक्याचं तीस रुपयांचं तिकीट धरून फळ्यावर एकूण बेरीज मांडली, तीन हजार दोनशे चाळीस. फोनवर पंचवीसशेला निघालेला पंखा छताला लागेपर्यंत तीन हजार दोनशे चाळीसवर गेला होता. वर्गात ज्या पोराचं गणित सगळ्यांत कच्चं, तो मोठ्यानं म्हणाला, म्हंजे आपून अंतिम ग्राहक. धडा इतका चांगला माझ्याकडून कधी शिकवून झाला नव्हता. पेढे मिळाले नाहीत, पण पंखा फिरला आणि सत्तावीस जणांनी वर बघून टाळ्या वाजवल्या. या वेळी त्या मला नव्हत्या, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

त्या वर्षी पेपरात जीएसटीचं गणित आलं. शीतल म्हणाली, बराबर आलं. ती आता हिंगोलीत कॉमर्सला आहे.

पंखा अजून आहे. तीनवर ठेवला की कटकट करतो, म्हणून दोनवर ठेवतो. पक्कं बिल वर्गात भिंतीला लावलंय, आणि त्याच्या शेजारी तो वहीचा कागद, माझे पाचशे एकतीस, त्यावरची काट आणि तिचं चारशे पन्नास. दरवर्षी धडा आला की मी पोरांना त्या भिंतीजवळ नेतो. त्यांना बिलापेक्षा काटच जास्त आवडते.

आज्याची झेरॉक्स मात्र भिंतीला लागली नाही. ती त्याच्या खिशात राहिली. तांड्यावर इस्त्रीचे कपडे घातलेला कुणीही आला, मग तो मतं मागायला आलेला असो की जनावरं मोजायला, आजा ती घडी उलगडतो आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारतो की राज्याचे भरलेत आमी, आमची एसटी कवा? दोन वर्षांपूर्वी वाटेवर मुरूम पडला, तो या झेरॉक्सनंच पडला अशी त्याची खात्री आहे. तसं नाही, असं सांगायला लागणारा पुरावा माझ्याकडं नाही.

मागच्या आठवड्यात फळ्यावर धड्याचं नाव लिहिताना खडू मोडला आणि जी आणि एसटी यांच्यामध्ये नको तेवढी जागा सुटली. मागच्या बाकावरून आवाज आला, सर, कुठवर आली? अख्खा वर्ग हसला. तांड्याची गोष्ट आता शाळेत सगळ्यांना पाठ आहे. मीही हसलो, आणि हसता हसता मला लाज वाटली. कारखान्यापासून ग्राहकापर्यंत कर कसा येतो, ते मी बाणांनी दाखवतो. तिथून पुढं तो कुठं जातो हे दाखवणारा बाण फळ्याच्या कडेपर्यंत येतो आणि फळा संपतो.

बाजाराच्या दिवशी आजा जीपच्या थांब्यावर भेटला. खूप थकलाय, काठी आलीय, फेटा मात्र तसाच लाल. मी उगाच अपराधी आवाजात म्हणालो की आजा, एसटीचं काही अजून झालेलं दिसत नाही. त्याला माझीच दया आली असावी. त्यानं सदऱ्याच्या खिशावर दोनदा थोपटलं.

"तकलीफ करून घेऊ नका, सर," तो म्हणाला. "तिकीट काढलेलं हाये आमी. गाडी लागायची हाये."